पाणी आल्याची बातमी

काचेच्या कपाटातल्या त्रेचाळीस ढाली मानांग बिसिंगला पाठ होत्या. दर शुक्रवारी एकेक उचलायची, फुंकर मारायची, फडक्यानं पुसायची आणि होती तिथंच परत ठेवायची, हे काम वीस वर्षं केलं की कुणाचंही पाठांतर होईल. वरच्या फळीवर देशाच्या स्पर्धेतल्या, मधल्या दोन फळ्यांवर विभागाच्या, आणि अगदी खाली, पायाशी, प्रांताच्या. प्रांताच्या इतक्या झाल्या होत्या की त्या एकमेकींच्या पाठीला पाठ लावून उभ्या होत्या, बाजारात सुक्या माशांच्या थप्प्या लावतात तशा. सगळ्यांवर नाव एकच कोरलेलं: 'बागतिंग', सान बिबियानो राष्ट्रीय हायस्कूलचं विद्यार्थी वार्तापत्र.

बागतिंग म्हणजे घंटा. ही घंटा शाळेत कुणालाच कधी ऐकू आली नाही, ते सोडा.

शाळेत मुलं बाराशे. 'बागतिंग'च्या प्रती पन्नास. त्यातल्या निम्म्या परीक्षकांना, काही शिक्षण कार्यालयाला, एक प्रिन्सिपलच्या टेबलावरच्या काचेखाली, आणि उरलेल्या कपाटावर धूळ खात. वर्षातून एकदाच निघायचं ते, नोव्हेंबरात, कारण डिसेंबरात शालेय वार्तापत्रांची स्पर्धा. स्पर्धा नसती तर वार्तापत्रही नसतं, जसा वर नसेल तर घोडाही भाड्यानं आणायला नको. आणि कागद कसला, तर जाड, गुळगुळीत, झुळझुळीत. त्यानं काच पुसायला जावं तर पाणी टिपत नाही, मासा गुंडाळावा तर कागद उलगडून उताणा पडतो. "कशालाही उपयोग नाही बघ," मानांग बिसिंग कॅन्टीनवालीला सांगायची. "वाचायला तर नाहीच नाही."

तिचं पूर्ण नाव व्हिसितासियोन तुपास. वय सेहेचाळीस. शाळेची सफाईवाली. बाराशे मुलं, चाळीस मास्तर, सगळे तिला मानांग म्हणायचे, ताईला म्हणतात तसं. फक्त एक बाई तिला नुसतं 'बिसिंग' म्हणायची, का ते पुढं येईलच.

सफाईवाली म्हणायचं, पण सफाई हे तिच्या कामातलं सगळ्यात हलकं काम. खरं काम पाण्याचं. शाळेत दहा संडास होते आणि पाणी नव्हतं. चर्चच्या मागे एक हापसा होता, शाळेच्या फाटकापासून तीनशे चौऱ्याहत्तर पावलं. दुचाकी हातगाडीवर एका वेळी पाच कॅन, अशा दिवसाच्या आठ खेपा, म्हणजे रोज चाळीस कॅन. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरनं हात वर करायला सांगितला आणि तो कानापर्यंतही जाईना, तेव्हा डॉक्टर म्हणाला, "आणखी वर्षभर हे वाहिलंत तर जेवताना घास तोंडापर्यंत कुणीतरी न्यायला ठेवा."

तेवढ्यात सरकारी यादी आली. ज्या शाळांना पाणी नाही त्यांना नळ. सान बिबियानोचा नंबर सहावा. ऑक्टोबरात माणसं येऊन गेलीसुद्धा. शाळेच्या मागच्या अंगाला हात धुवायची भिंत बांधली, तिला पांढऱ्या फरश्या लावल्या, एक चकचकीत तोटी बसवली. तोटीमागची नळी भिंतीतून आरपार गेली होती आणि पलीकडे उघड्या तोंडानं आकाशाकडे बघत उभी होती. मुख्य वाहिनीला जोडायचं काम जानेवारीत, असं सांगून माणसं गेली.

मानांग बिसिंगनं त्या दिवशी कॅलेंडरवर जानेवारीचं पान उलटून पाहिलं आणि परत ऑक्टोबर लावला. माणसानं फार आशा दाखवू नये.

पण 'बागतिंग'ला जानेवारीपर्यंत थांबायला वेळ कुठं होता?

नोव्हेंबरच्या एका सकाळी निरोप आला, मागे बोलावलंय. मागे सगळा लवाजमा उभा. 'बागतिंग'चे बारा शिलेदार, गळ्यात ओळखपत्रं, खिशाला तीन-तीन पेनं. ही मुलं वर्षातले चार महिने वर्गात बसतच नसत, त्यांना 'सराव' असे. साठ मिनिटं लावायची, कागदावर छापलेली माहिती वाटायची आणि तिची बातमी करायला लावायची. बोट कुठं बुडाली, किती मेले, मंत्री काय म्हणाला, सगळं कागदावर आयतं. खऱ्या बोटीकडे बघायची कुणालाच गरज नव्हती. गावच्या धक्क्यावर खरी बोट बुडाली असती तर यांनी विचारलं असतं, माहितीचा कागद कुठाय?

मधोमध फ्लोर्देलिसा गुंबान उभ्या होत्या, वार्तापत्राच्या मार्गदर्शक शिक्षिका. मॅम गुंबान. उन्हात छत्री, छत्रीखाली पंखा.

"बिसिंग, ये. केस सारखे कर जरा. हात पुढे धर, तोटीखाली."

"तोटीत पाणी कुठंय मॅम?"

"ते आम्ही बघतो. जुआनितो! ओत!"

भिंतीपलीकडे व्यंगचित्रं काढणारा पोरगा नरसाळं घेऊन स्टुलावर चढला होता. त्यानं नळीच्या उघड्या तोंडात पाणी ओतलं. ते पाणीही मानांग बिसिंगनंच सकाळी आणलेलं, तिसऱ्या खेपेतलं. तोटीतून करंगळीएवढी धार पडली.

"हस," मॅम म्हणाल्या.

"कशाला?"

"पाणी आलं म्हणून."

"आलं नाही ना पण."

"अगं, जानेवारीत येणारच आहे. अंक आत्ता जायचाय. हस म्हटलं की हसावं."

ती हसली. फोटो निघाला. लगेच मुख्य संपादक वही घेऊन पुढं. रियालिन काताल्बास तिचं नाव. पंधरा वर्षांची, चष्मा, आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा.

"मानांग, एक वाक्य द्या ना. कसं वाटतंय?"

"काय कसं वाटतंय?"

"पाणी आल्यावर."

"आल्यावर सांगते."

रियालिननं वहीत काहीतरी खरडलं. मानांग बिसिंगनं मान वाकडी करून वाचलं. "'आज माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं,' असं त्या डोळे पुसत म्हणाल्या."

"मी हे कधी म्हटलं गं?"

"जानेवारीत म्हणाल ना," रियालिन म्हणाली. तिचा आवाज अगदी निर्मळ. त्या पोरीला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं, आणि मानांग बिसिंगला खुपलं ते तेच.

कारण तिला हे सगळं आधीपासून माहीत होतं. एकतीस वर्षांपूर्वी याच अंगणात, अशीच वही घेऊन, ती स्वतः उभी होती.

हो, हीच बिसिंग. पंधराव्या वर्षी 'बागतिंग'ची मुख्य संपादक. वरच्या फळीवर डाव्या कोपऱ्यात जी सगळ्यात जुनी, काळपट ढाल आहे, ती तिची. बातमीलेखन, देशात सातवी. बोटीनं दोन दिवस मनिलाला, सगळा रस्ता उलट्या, आणि परत आल्यावर गावानं तिला गाडीवर बसवून मिरवलं. त्या वर्षीचा प्रांताचा पहिला नंबर तिच्याच पहिल्या पानावरच्या बातमीला होता: 'नव्या वाचनालयाचं थाटात उद्घाटन.' वाचनालयाचा तेव्हा नुसता ओटा झाला होता. बाकीचं तिनं नकाशा पाहून लिहिलं. खिडक्या किती, पुस्तकं किती, पाहुणे काय म्हणाले. बारसं आधी, लग्न मागाहून.

मिरवणूक संपली. बाप समुद्रात गेला तो आलाच नाही, कॉलेज एका वर्षात आटोपलं, नवरा तिचाकी चालवायचा तो एक दिवस तिचाकीसकट पलावान बेटावर गेला, आणि तिकडं त्याला दुसरं कुटुंब सापडलं म्हणे, जसं काही ते रस्त्यात पडलं होतं. ती शाळेत काम मागायला आली तेव्हाचे प्रिन्सिपल उठून उभे राहिले. "अरे! आपली सातवी!" म्हणाले, आणि झाडू दिला.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ऑफिसचं कपाट साफ करताना तिला एक फाईल सापडली. 'वाचनालय: पूर्ण. पुरावा: बागतिंगचं कात्रण जोडलं आहे.' कात्रण तिचंच. म्हणून तो ओटा ओटाच राहिला. आता तिथं मास्तरांच्या मोटरसायकली उभ्या असतात, आणि तेल सांडलं की ते खरवडायचं कामही तिचंच. देशात सातवी आलेली बाई आपल्याच बातमीवरचं तेल पुसते, याहून मोठा मान कुठला मिळणार?

आणि ती संपादक होती त्या वर्षी 'बागतिंग'च्या गटात शुद्धलेखन तपासणारी एक मुलगी होती, जी प्रांताच्या पुढं कधी गेली नाही. तिचं नाव फ्लोर. तीच ही मॅम गुंबान. म्हणून 'बिसिंग'.

डिसेंबरात 'बागतिंग' प्रांतात पहिलं आलं. परीक्षकांनी लिहिलं, 'पहिल्या पानावरील पाण्याची बातमी अत्यंत जिवंत.' चव्वेचाळिसावी ढाल आली, खालच्या फळीवर जागा नव्हती म्हणून आडवी ठेवली. फेब्रुवारीअखेर विभागाची स्पर्धा.

जानेवारी आला. पाणी आलं नाही. जानेवारीचे तीन आठवडे गेले तेव्हा मानांग बिसिंग ओली चप्पल दाराबाहेर काढून प्रिन्सिपलच्या खोलीत गेली. पानिझालेस सर भले गृहस्थ होते, म्हणजे कुठल्याही गोष्टीला नाही म्हणत नसत आणि कुठलीही करत नसत. त्यांनी पत्र पाठवलं. दहा दिवसांनी उत्तर आलं, ते त्यांनी तिच्यासमोरच वाचलं.

"'आपल्या शाळेचे काम पूर्ण झाल्याची नोंद कार्यालयात आहे. पुरावा म्हणून वार्तापत्राचे कात्रण सोबत जोडले आहे. सबब आपले नाव यादीतून कमी करण्यात येत आहे.'"

कात्रण त्यांनी टेबलावर ठेवलं. त्यात ती हसत उभी होती, हात पुढे, करंगळीएवढी धार.

"सर, कळवा ना त्यांना. खोटंय म्हणावं."

"असं कसं कळवू मानांग? आमचं वार्तापत्र खोटं लिहितं म्हणून? तेही पहिलं आलेलं?"

"मग पाणी?"

"येईल हो. पुढच्या यादीत."

"पुढची यादी कधी?"

सरांनी छताकडे पाहिलं. छतावर पाल होती. दोघांनीही थोडा वेळ पालीकडं पाहिलं.

मग ती 'बागतिंग'च्या खोलीत गेली. शाळेतली एकुलती एक थंड हवेची खोली ती. सराव चालू होता. मॅम गुंबान हातात घड्याळ घेऊन बसल्या होत्या.

"मॅम, एक चूक दुरुस्त करायचीय. छापून. चार ओळी पुरतील."

"कुठली चूक?"

"पाण्याची."

मॅमनी घड्याळ थांबवलं. "रियालिन, सांग यांना पुढचा अंक कधी."

"नोव्हेंबरात, मानांग."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत अंकच नसतो," रियालिन समजावून सांगू लागली, लहान मुलाला सांगतात तशी. "आणि दुरुस्तीला गुण नाहीत. बातमीला आहेत, लेखाला आहेत, व्यंगचित्राला, मांडणीला. दुरुस्तीचा गटच नाही."

"त्या कात्रणावरून शाळेचं नाव कापलंय गं यादीतून! पाण्यावाचून पोरी घरी जातात, ठाऊक आहे ना तुला? महिन्याचे चार दिवस?"

रियालिननं वहीत डोकं घातलं. तिला ठाऊक होतं. तीही जायची.

"बिसिंग," मॅम म्हणाल्या, आणि आवाज खाली आणला. "मला पंचवीस वर्षं झाली. या खेपेला विभाग जिंकला तर मी मुख्य शिक्षिका होते. या पोरांनी चार महिने वर्ग सोडलेत. आत्ता आपणच ओरडायचं की आमची बातमी खोटी? तुला काय कळायचं म्हणा."

"मला कळतं, फ्लोर."

बारा पेनं थांबली. एवढ्या वर्षांत शाळेत मॅमना कुणी नावानं हाक मारलेली पोरांनी ऐकली नव्हती.

"तू बाहेर हो," मॅम म्हणाल्या.

आठवड्याभरानं त्या स्वतः मागच्या अंगणात आल्या. पंखा हलत होता तो उकाड्यानं नव्हे. शिक्षण कार्यालयाचे सुपरिंटेंडंट, डॉक्टर एस्कालोना, अठरा तारखेला येणार होते. विभागाच्या स्पर्धेआधी 'बागतिंग'च्या मुलांचं कौतुक करायला. आणि त्यांची इच्छा अशी, की ती सुप्रसिद्ध तोटी आपल्या हातानं उघडावी आणि सगळ्यांनी मिळून हात धुवावेत. फोटोसहित.

"भिंतीमागे पिंप ठेवू. उंचावर. नळी जोडू. तू पाणी आणून भर फक्त."

"किती?"

"एक पिंप. भाषण, हात धुणं, फोटो. झालं."

"आणि मग?"

"मग काही नाही. साहेब जेवतील आणि जातील."

मानांग बिसिंगनं डाव्या हातानं उजवा खांदा दाबला. या माणसानं तोटी स्वतः उघडून पाहिली की संपलं. मग वाचनालयासारखंच, कायमचं 'पूर्ण'. आडातच नाही, आणि हे पोहऱ्याचे सोहळे करणार.

"भरते," ती म्हणाली.

मॅमना एवढ्या पटकन होकाराची अपेक्षा नव्हती. "नक्की ना?"

"मॅम सांगतील ते."

सतरा तारखेला शाळा सुटल्यावर तिनं कॅन्टीनमधून खाकी कागदाचा मोठा ताव मागून घेतला. जमिनीवर पसरला. मास्तरांच्या खोलीतला जाड काळा पेन घेतला. आणि तिच्या लक्षात आलं, हात विसरला नाही. कोण, काय, कुठं, कधी, पहिल्याच वाक्यात. बातमी देणाऱ्यानं 'मी' म्हणायचं नाही. विशेषणं लावायची नाहीत. तिनं एकदा लिहिलं, कात्रीनं कापून सारखं केलं, मग दहा वेळा उतरवून काढलं. दहा संडास, दहा प्रती. दाराच्या आतल्या बाजूला, बसल्यावर जिथं डोळे जातात बरोब्बर तिथं, भाताच्या पेजेनं चिकटवल्या.

'सान बिबियानो, १८ फेब्रुवारी. येथील राष्ट्रीय हायस्कूलमध्ये आजपर्यंत पाणी आलेलं नाही. बागतिंगच्या पहिल्या पानावर दिसलेलं पाणी चर्चमागच्या हापशावरून आणून नरसाळ्यानं ओतलं होतं. आज पाहुण्यांसमोर तोटीतून येईल ते पिंपातलं आहे. एक पिंप सात मिनिटं पुरतं. शाळेला रोज चाळीस कॅन लागतात. ते एक बाई तीनशे चौऱ्याहत्तर पावलांवरून आणते. पाणी नसल्यामुळं मुली महिन्यातून चार दिवस घरी जातात. हजेरीपटात त्याला ताप म्हणतात. छापलेल्या फोटोवरून शाळेचं नाव पाण्याच्या यादीतून कापलं गेलं. फोटोत हसणाऱ्या बाईला हसायला सांगितलं होतं. आत्ता वापराल ते पाणीही जपून वापरा.'

अठरा तारखेची सकाळ. साडेआठपर्यंत मुलींच्या संडासापुढं रांग लागली. साडेनऊपर्यंत मुलांच्याही. आत गेलेलं लवकर बाहेर येईना, बाहेरचे दार वाजवत होते, "अगं वाचून झालं असेल तर नीघ!" एक मुलगा दोनदा जाऊन आला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा सान बिबियानो हायस्कूलमध्ये कुणीतरी काहीतरी रांग लावून वाचत होतं. मास्तरांना वाटलं, कालच्या नूडल्स बाधल्या.

साहेब अकराला आले. गळ्यात माळ, कपाळावर घाम. भाषणात म्हणाले, "पत्रकारिता म्हणजे सत्याची तोटी." टाळ्या पडल्या. मग ते भिंतीपाशी गेले, तोटी उघडली, आणि धार पडली, चांगली अंगठ्याएवढी. मानांग बिसिंगनं पिंप काठोकाठ भरलं होतं. कामात तिनं कधी कसूर केली नाही. साहेबांनी हात धुतले, प्रिन्सिपलनी धुतले, मॅम गुंबाननी धुतले, बारा पोरांनी धुतले, फोटो निघाले. साहेब खूष. तोटी तशीच वाहती ठेवून जेवायला गेले. शिंपल्यांचं सार, भाजलेलं कोंबडं, केळीच्या पानातला चिकट भात. साहेबांनी कशालाच दुखावलं नाही.

आणि मग, जेवण एवढं झाल्यावर जे व्हायचं तेच झालं. साहेबांनी हळूच विचारलं, "इथं... कुठंय?"

साहेबांसाठी सकाळपासून कुलपात ठेवलेल्या मास्तरांच्या संडासाकडे त्यांना नेण्यात आलं. दार लागलं. बाहेर पानिझालेस सर, मॅम गुंबान, रियालिन आणि टॉवेल घेऊन मानांग बिसिंग. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मॅमनी पानिझालेस सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे.

दार उघडलं. साहेबांच्या दोन्ही हातांना साबण, आणि त्या साबणाच्या बोटांत कोपऱ्यातून फाटलेला खाकी कागद. ते थेट तोटीकडे गेले. तोटी उघडीच होती, ती आणखी पिळली. तोटी म्हणाली, "हुस्स."

"सात मिनिटं," साहेब म्हणाले. "बरोबर." मग वळले. "हे कुणी लिहिलं?"

मॅम गुंबाननी कागद पाहिला. ते अक्षर त्यांनी एक अख्खं वर्ष तपासलं होतं, शुद्धलेखनाची एक चूक सापडावी म्हणून, आणि सापडली नव्हती. त्यांनी मान वळवून मानांग बिसिंगकडे पाहिलं. पाव क्षण. मग त्यांचा चेहरा बदलला, आणि काय बदलला! नाटकवाल्यांनी शिकून घ्यावं.

"सर," त्या म्हणाल्या, "आमचंच आहे ते. 'बागतिंग'चं. शोधबातमी! आम्ही मुलांना सांगतो, आपलीच चूक आपणच उघडी पाडा. आमच्या मुख्य संपादकाचं काम. रियालिन, पुढं ये गं."

रियालिनचं तोंड उघडं ते उघडंच. तिनं मानांग बिसिंगकडे पाहिलं. मानांग बिसिंग टॉवेलाची घडी सारखी करत होती.

"हो सर," रियालिन म्हणाली.

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "मी बसल्या बसल्या अख्खी वाचली. आयुष्यात पहिलं विद्यार्थी वार्तापत्र शेवटपर्यंत वाचलं मी! हीच घाला स्पर्धेत." आणि आपल्या कारकुनाकडे वळून, "लिहून घ्या, शाळेचं नाव परत यादीत. उद्या विभागात ही बातमी जिंकली आणि कुणी मला विचारलं तर?"

म्हणजे पाणी येणार होतं ते तहानेमुळं नाही, साहेबांच्या अब्रूमुळं. असो. पाणी पाणी असतं.

"आता हात," साहेब म्हणाले. साबण सुकायला लागला होता.

मानांग बिसिंगनं कोपऱ्यातला कॅन उचलला, उजवा हात चढेना म्हणून डाव्यानं, आणि टमरेलानं त्यांच्या हातावर पाणी घातलं. साहेबांनी तिच्याकडं निरखून पाहिलं.

"फोटोतल्या बाई तुम्हीच का?"

"हो सर."

"लिहिता-वाचता येतं ना?"

"थोडंफार, सर."

विभागात 'बागतिंग' पहिलं आलं. देशात शोधबातमीला चौथं. मॅम गुंबान मुख्य शिक्षिका झाल्या. कपाटाला नवी फळी बसली आणि तिथं ती बातमी चौकटीत लागली, रियालिन काताल्बास या नावानं. मानांग बिसिंगनं ती पुसता पुसता वाचली. 'चाळीस कॅन'चं 'असंख्य कॅन' केलं होतं. 'एक बाई'ची 'एक गरीब, कष्टाळू माऊली' झाली होती. तीनशे चौऱ्याहत्तर पावलं गाळली होती. वर, 'असं त्या डोळे पुसत म्हणाल्या' परत शिरलं होतं. तिनं काचेवर जरा जास्तच जोरानं फडकं फिरवलं.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर दुसऱ्या मंगळवारी ती माणसं खरंच आली. उघडी नळी मुख्य वाहिनीला जोडली, घट्ट केली, आणि म्हणाली, "मानांग, तासाभरानं उघडा." माणसं गेली, आणि मानांग बिसिंग भिजलेले हात झग्याला पुसत थंड हवेच्या खोलीत गेली. सराव चालू होता. नव्या वर्षाची नवी मुलं, आणि त्यांना शिकवायला रियालिन.

"मॅम, पाणी येतंय."

"हं?"

"तोटीला. तासाभरात. खरं पाणी."

रियालिन उठली. "मॅम, मग बातमी... फोटो..."

"कसली बातमी?" मॅम गुंबाननी घड्याळावरून नजर न काढता म्हटलं. "पाणी आलं, हे एकदा छापून झालंय. नाही आलं, तेही झालंय. आता तिसऱ्यांदा? परीक्षक म्हणतील, यांच्याकडे दुसरं काही नाहीच वाटतं. बस खाली. चला, बोट बुडालीय, बावीस मेलेत, साठ मिनिटं. सुरू!"

रियालिन बसली. खाली मान घालून तिनं मानांग बिसिंगच्या पायांकडे पाहिलं, मग बोटीकडे वळली.

मानांग बिसिंग मागं गेली. हातगाडी भिंतीला टेकून उभी होती, तिच्यावर पाच कॅन, सकाळच्या दुसऱ्या खेपेचे. तासाला अजून दहा मिनिटं होती, पण तिनं थांबायचं तेवढं थांबून झालं होतं. तोटी उघडली. आधी नुसती हवा. मग खोकला. मग गडगड करत पाणी आलं, लालभडक, गंजाचं, सात-आठ महिने नळीत बसलेली सगळी घाण घेऊन, आणि थेट तिच्या स्वच्छ धुतलेल्या पायांवर.

"शी!" ती म्हणाली.

पाणी आल्यावर मानांग बिसिंग म्हणाली ते एवढंच. लिहून घ्यायला कुणी उभं नव्हतं.